साडेनऊची झोप

सकाळचे साडेनऊ वाजले की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातली मोठी माणसं चोरासारखी वावरू लागत. सासूबाई रेडिओ बंद करत. नळ बारीक सोडायचा, खुर्ची ओढायची नाही, उचलायची, आणि संडासात पाणी सोडायचं ते अकरा वाजल्यानंतर. दारावरच्या घंटीची वायर सहा महिन्यांपूर्वीच काढून ठेवलेली होती. तेव्हापासून दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत सगळे दारावर नखानं टकटक करत आणि आत कुणी आजारी असावं अशा समजुतीनं हळू आवाजात बोलत.

हे सगळं जिच्यासाठी चालायचं ती पंधरा महिन्यांची बाई खाटेच्या कठड्याला धरून, टक्क डोळे उघडे ठेवून उभी होती.

"झोप ना गं," तिची आई म्हणाली. चाळीस मिनिटं झाली होती. थोपटून थोपटून उजवा हात बधिर झाला म्हणून तिनं डावा घेतला होता, आणि आता तोही गेला होता. "किती अंत बघशील?"

लेकीनं विचार केला. मग खाली बसून पायातला मोजा ओढून काढला आणि कठड्याच्या दांड्यांमधून बाहेर धरला.

"घे," ती म्हणाली.

तिला तीनच शब्द येत होते. त्यातला हा सगळ्यात प्रेमळ होता. आईनं मोजा घेतला. मग दुसरा आला. तोही घेतला. मग उशी आली.

इमारतीत या आईला सगळे दातवाली म्हणत. ती कवळ्या बनवायची. अकरा वर्षं तिनं दातांच्या एका मोठ्या कारखान्यात काढली होती. लांबलचक टेबलाशी आठ बायका ओळीनं बसायच्या आणि मागे हात बांधून मुकादम फिरायचा. लेक झाल्यावर तिनं ते सोडलं आणि झोपायच्या खोलीला लागून असलेल्या, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत स्वतःचं टेबल मांडलं. स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, प्लास्टरचे जबडे, खणाखणाच्या डब्यात रंगवार लावलेले दात, आणि लोखंडी बिजागरीचा तो सांगाडा, ज्यावर वरचा-खालचा जबडा बसवून माणसाच्या तोंडासारखी उघडमीट करून बघता येते. काम देणारी एकच होती, बाजारातल्या दवाखान्याची डॉक्टरीणबाई. पण एकटीच्या हाताला पुरून उरेल एवढं काम ती द्यायची.

गॅलरीत जायचा रस्ता लेकीच्या खाटेवरून होता. लेक झोपली तरच गॅलरी उघडी. जागी असली की पेटता दिवा, धारदार सुरी आणि आई या तिन्ही गोष्टी तिला एकदम हव्या असत.

जन्मली तेव्हा ही मुलगी एवढी झोपायची, की दातवाली मधूनमधून नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची. मग चौथ्या महिन्यात दिवसातून चार तुकडे झाले, अर्ध्या अर्ध्या तासाचे, तेही खांद्यावर. सहाव्यात तीन झाले. आठव्यात संध्याकाळचा तुकडा तिनं सोडून दिला, तेव्हाही घरात पंधरा दिवस रणकंदन माजलं होतं, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिले ते त्यानंतरचे सोन्यासारखे महिने: सकाळी साडेनऊ ते अकरा आणि दुपारी दोन ते साडेतीन. मुलगी घड्याळासारखी मिटायची. त्यावर खूश होऊन तिच्या बापानं वेळापत्रक केलं.

बाप बसच्या आगारात वेळापत्रकांच्याच टेबलावर कारकून होता. कोणती गाडी किती वाजता सुटणार आणि कुठे किती मिनिटं थांबणार, हे ठरवण्यात त्याचा जन्म चालला होता. त्यानं लेकीच्या झोपेचा तक्ता आखला, लाल-निळ्या शाईनं भरला, वर प्लास्टिकचं आवरण चढवून आणलं आणि फ्रिजवर चिकटवला. खाली बारीक अक्षरात लिहिलं, "कृपया वेळा पाळाव्यात."

त्यावर घर चाललं. सकाळच्या दीड तासात दातवाली दात बसवायची. हे सगळ्यात जोखमीचं काम. दिव्यावर मेण मऊ करायचं, एकेक दात त्यात रोवायचा, शेजाऱ्याला किती खेटतोय आणि समोरच्याला कुठे टेकतोय ते बघायचं. अठ्ठावीस दात, आणि मधे उठलं की मेण थंड. दुपारच्या दीड तासात प्लास्टर, कोरीवकाम, साफसफाई. घासायच्या यंत्राचा आवाज मोठा, म्हणून ते संध्याकाळी, लेक आजीबरोबर खाली बागेत गेली की.

आणि आता तीन आठवडे झाले, साडेनऊला मुलगी झोपत नव्हती.

म्हणजे अगदीच झोपत नव्हती असं नाही, आणि खरी मेख तिथेच होती. रोज वाटायचं, आता पाच मिनिटांत झोपेल. डोळे चोळायची, जांभई द्यायची, आडवी व्हायची. आई श्वास रोखून उठायची, पायाच्या बोटांवर गॅलरीच्या दारापर्यंत जायची, आणि मागून आवाज यायचा, "घे." असं करत करत अकरा-सव्वाअकराला ती एकदाची कोसळायची, चाळीस मिनिटांत उठायची, आणि मग दुपारी दोनची झोप नाही म्हणजे नाही. चार वाजता दारावर डोकं आपटून रडायची आणि संध्याकाळी जेवताना ताटात झोपायची. झोप येणारच आहे म्हणून त्या वेळेला दुसरी काही सोय कुणी केलेली नव्हती. आजी त्या वेळात स्वयंपाक उरकायची, आई थोपटत बसायची, आणि गॅलरीत जबडे आ वासून पडलेले असायचे.

कारणं प्रत्येकाकडे तयार होती.

"दात येत असतील," नवरा म्हणाला.

"सोळा आलेत. मागच्या दाढांना अजून वेळ आहे. दातांतलं मला सांगतोस?"

"मग वरच्या मजल्यावरचे फर्निचर सरकवतात ते."

"ते गावाला गेलेत."

सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "माझी दोन्ही तीन वर्षांची होईस्तोवर दिवसातून दोनदा झोपायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा. हूं की चूं नाही. सवय लावावी लागते गं."

"लावलीच होती की आई. आठव्या महिन्यापासून."

"मग तू मधेच उचलत असशील."

दातवालीनं ओठ घट्ट मिटले. न बोललेलं एवढं साठलं होतं की त्याची एक कवळी सहज झाली असती.

घराबाहेर कुणाला या झोपेशी देणंघेणं नव्हतं. तीन आठवड्यांत दोन कामं उशिरा गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचा हात चांगला आहे म्हणून मी थांबते. पण माझ्या खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलेला असतो हो. त्याला काय सांगू, बाळ झोपलं नाही? आणखी एकदा असं झालं तर मला सगळं काम कारखान्यात पाठवावं लागेल."

कारखाना म्हणजे तोच. तसं झालं तर दातवालीलाही कामाच्या मागोमाग तिथेच जावं लागणार होतं. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, मुकादमाच्या नजरेखाली. मग लेक सकाळी झोपते की दुपारी, हे तिला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळलं असतं.

म्हणून त्या सोमवारी ती इरेला पेटली होती. एका निवृत्त वकिलांची पूर्ण कवळी होती, वरची-खालची. पक्की करण्याआधी मेणातली कवळी तोंडात घालून बघतात, ती त्या दिवशी बारा वाजता द्यायची होती. दात तिनं आदल्या संध्याकाळी कसेबसे बसवले होते. रंग आणि रेषा दिव्याच्या उजेडात कळत नाहीत, सूर्याचा उजेड लागतो. म्हणून साडेनऊला लेकीला थोपटायला बसायच्या आधी ती गॅलरीत शिरली, एरवी अकरापर्यंत ओढलेला असतो तो काळा पडदा तिनं बाजूला सारला, वरची कवळी सांगाड्यावरून काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून वाकून बघितली. छान दिसत होती. समोरचे दोन दात एक केसभर वाकडे ठेवले होते मुद्दाम. वकिलांच्या जुन्या फोटोत तसे होते.

तेवढ्यात खाटेतून आरोळी आली. धप्प असा आवाज झाला. ती धावली. पडलं काही नव्हतं, उशीच होती. पण आता सुरुवात झालीच होती, म्हणून तिनं दार लोटलं आणि थोपटायला बसली. आता पाच मिनिटांत झोपेल.

पावणेदोन तास. गाणी संपली. गाण्यांचे शब्द संपले म्हणून तिनं त्याच चालीवर दातांचे नंबर म्हटले. अकरा वाजता लेक आडवी झाली, सव्वाअकराला झोपली, आणि साडेअकराला दारावर नखं वाजली. दवाखान्याच्या नर्सबाई लवकर आल्या होत्या.

"बारा म्हणाला होतात," दातवाली कुजबुजली.

"इकडून जात होते, म्हटलं घेऊन जाते," नर्सबाईही कुजबुजल्या. मग म्हणाल्या, "कोण आजारी आहे हो तुमच्याकडे? सहा महिने झाले विचारीन म्हणते."

दातवाली पुन्हा पायाच्या बोटांवर गॅलरीत गेली. कट्ट्यावर लख्ख ऊन होतं. तिनं कवळी उचलली. किंचित कोमट लागली. उचलताना तिला काहीतरी टोचलं, बोटाला नव्हे, आतच कुठेतरी. सांगाड्यावर चढवून एकदा मिटून बघायला हवी होती. अकरा वर्षांत तिनं न मिटता एकही कवळी हातावेगळी केली नव्हती. पण सांगाड्याचा खटका वाजतो, खटका वाजला की खाटेतली उठते, आणि खाटेतली झोपून जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. तिनं कवळी तशीच कापसात ठेवली, डबी मिटली आणि नर्सबाईंच्या हातात दिली.

मंगळवारी सकाळी दहाला फोन आला. लेक कठड्याला धरून उभी होती आणि दुसरा मोजा काढत होती.

"बाई, वकीलसाहेबांचं तोंड मिटत नाही असं त्यांची बायको चाळीस वर्षं म्हणतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काल ते खरंच मिटेना. उजवीकडचे चार दात आत बसलेत, डावीकडचे बाहेर झुकलेत. मेण कुठे तापवलंत?"

दातवालीच्या डोळ्यांपुढे तो उन्हाचा चौकोन आला. काही सांगण्यात अर्थ नव्हता. अशी चूक शिकाऊ मुलीसुद्धा एकदाच करतात.

"उन्हात राहिली," ती म्हणाली. "माझी चूक आहे."

पलीकडे डॉक्टरीणबाईंनी नर्सबाईंकडे वही मागितली. "गुरुवारी पाचला मी त्यांना पुन्हा बोलावलंय. शनिवारी त्यांच्या नातीचं लग्न आहे, भाषण करणार आहेत. गुरुवारी बसली तर बसली. नाही तर मी कारखान्यात फोन करते. वाईट वाटून घेऊ नका."

नर्सबाई जाता जाता डबी देऊन गेल्या. त्या दिवशी डबी उघडायलाच मिळाली नाही. मुलगी अकरा वीसला झोपली, पावणेबाराला उठली, दुपारी तर झोपलीच नाही. चारला तिनं आईच्या खांद्याला चावा घेतला. चांगले सोळा दातांचे ठसे उठले, वरखाली अगदी जुळलेले.

संध्याकाळी नवरा घरी आला, बूट दाराबाहेर काढले, चोरपावलांनी आत आला आणि सवयीनं फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघून म्हणाला, "आज दोन्ही झाल्या?"

तेवढं पुरलं.

"नाही झाल्या! एकही झाली नाही! तीन आठवडे होत नाहीयेत, आणि तू रोज येऊन हेच विचारतोस!"

"अगं, पण वेळ पाळली तर..."

"वेळ मी पाळते. रोज साडेनऊला बरोबर जाऊन बसते. तुझी लेक पाळत नाही. तिला दाखव ना तो तक्ता! वाचता येत नसेल तर वाचून दाखव!"

"ओरडू नकोस, ती..."

"ती जागी आहे! ती कायमची जागी आहे!" लेक खरोखरच टेबलाखालून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "तुमच्या आगारात एखाद्या गाडीला प्रवासीच मिळत नसला, तरी अशीच चालवता का रे? ड्रायव्हर बसवून, इंजिन सुरू ठेवून, दोन-दोन तास स्टँडवर? येईल कोणीतरी, येईल कोणीतरी म्हणत?"

नवरा उत्तर द्यायला तोंड उघडून थांबला. प्रश्न त्याच्या खात्यातला होता, आणि खात्यातल्या प्रश्नाला तो कधी अर्धवट उत्तर देत नसे.

"नाही," तो म्हणाला. "तीन आठवडे आकडे बघतो. मग ती फेरी रद्द करतो."

"आणि प्रवासी?"

"ते पुढच्या गाडीला जातात. पुढची जरा आधी सोडावी लागते. गर्दी होते ना."

सासूबाईही ओट्यापासून वळल्या. तिघंही फ्रिजकडे बघत होती. तक्त्यावरचं प्लास्टिक उजेडात चमकत होतं.

"रद्दच करायची?" दातवाली हळूच म्हणाली. तीन आठवड्यांत हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. कसं नीट झोपवायचं एवढंच डोक्यात होतं.

"छे छे," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या लहान पोराला एकदाच झोपवायचं? माझी तर तीन वर्षांची होईस्तोवर..."

"आई," दातवाली त्यांच्याकडे वळून म्हणाली. तिच्या आवाजात आता रागसुद्धा उरला नव्हता. "तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजला होतात ना तेव्हा? सकाळच्या पाळीला?"

सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. मग उचलला, पुसला आणि पुन्हा ठेवला.

"होते," त्या म्हणाल्या. "सातला घर सोडायचे, चारला यायचे."

"मग झोपवायचं कोण?"

"माझ्या सासूबाई." मग म्हणाल्या, "त्या सांगायच्या मला. दोनदा झोपली हो पोरं, काही त्रास नाही, तू निर्धास्त जा. मला जाता यावं म्हणून सांगत असतील." चमचा दुसऱ्यांदा पुसला गेला. "मी एकदाही बघितलं नाही गं. विचारलंही नाही. खरं काय ते ऐकून कामावर जाता आलं नसतं."

दातवालीला तीन आठवडे सासूबाईंना ऐकवायचं होतं ते सगळं अगदी जिभेच्या टोकावर होतं, आणि नेमकं आता ते कुठे ठेवावं कळेना.

"उद्या सकाळी तिला माझ्याकडे दे," सासूबाई म्हणाल्या. "साडेनऊला बागेत नेते. स्वयंपाक पहाटे उरकीन. बारापर्यंत जागी ठेवू. पण रडली तर मला बोलायचं नाही."

बुधवारी ती रडली. बागेत नाही, तिथे तासभर तिनं कबुतरांना मोजे देऊ केले. घरी आल्यावर, साडेदहाला, सुरुवात झाली. डोळे लाल, नाक लाल, उचललं तरी राग, ठेवलं तरी राग. अकराला ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगायला लागली.

"बोलत राहा तिच्याशी!" दातवाली म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही!"

सासूबाईंनी नातीला खिडकीत उभं केलं आणि पाठ ताठ करून, एक्स्चेंजमधल्या जुन्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार, कोणता नंबर हवा आहे? कृपया थांबा. लाइन व्यस्त आहे." मुलगी पेंगता पेंगता थबकली. आजीच्या तोंडातून असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. सासूबाईंनी तिला पंचवीस मिनिटं निरनिराळ्या शहरांशी जोडून दिलं.

साडेअकराला जेवण. चौथ्या घासाला मान पुढे पडली आणि कपाळाला कुस्करलेला बटाटा लागला. पुसून खाटेत ठेवलं, बाराला पाच कमी होते. थोपटावंही लागलं नाही. दातवाली दोन मिनिटं नुसती उभी राहिली, तिचा विश्वासच बसेना. मग गॅलरीत गेली, पडदा घट्ट ओढला, दिवा लावला, वकिलांचे उजवीकडचे चार दात मेणातून सोडवले, साफ केले, नव्या मेणाची पट्टी धरली, आणि बारा पस्तीसला मागून आवाज आला.

"घे."

हातातला दात निसटून कुठेतरी गेला. ती गुडघ्यांवर बसून दात शोधत राहिली आणि आपण रडतोय हे तिला दात सापडल्यावर कळलं. म्हणजे सकाळही गेली आणि दुपारही गेली. होती ती चाळीस मिनिटं तरी काय वाईट होती!

"जुनंच बरं होतं!" ती बाहेर येऊन म्हणाली. "निदान तुकडे तरी मिळत होते. आता काय करू? उद्या पाचला काय देऊ त्यांना?"

"अगं, एका दिवसात कुठे," सासूबाई म्हणाल्या. दुपारभर त्या चिडलेल्या गाठोड्याला कडेवर घेऊन त्या जिने चढल्या-उतरल्या. गुडघे दुखत होते तरी एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच दातवालीला जास्त लागलं. नवऱ्यानं आगारातून फोन केला, "काय झालं?" "पस्तीस मिनिटं." तो समजावायला लागला, "नव्या वेळेला प्रवाशांना सवय व्हायला..." तिनं फोन ठेवला.

गुरुवारी सगळं तेच. बाग, कबुतरं, एक्स्चेंज, बटाटा. बारा वाजता मुलगी मिटली.

दातवालीनं दिवा लावला. आज तिनं आधी सगळं हाताशी मांडून ठेवलं होतं, प्रत्येक दात त्याच्या त्याच्या क्रमानं. एक रोवला. दुसरा. समोरच्याला टेकतोय का बघितलं, पुन्हा मऊ केला, केसभर उचलला. साडेबारा झाले असावेत तेव्हा तिची मान आपोआप ताठ झाली. पाठीमागे काही हललं का? बारा पस्तीस. ती वळली नाही. वळलं की पाप लागेल अशी बसून राहिली. उजवीकडचे चारही बसले. डावीकडचे ओढून रेषेत आणले. मग तिच्या लक्षात आलं, की बराच वेळ तिनं ऐकलेलंच नाही. कान कामावरून उठून गेले होते आणि हात आपले आपण चालले होते, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. समोरचे दोन दात तिनं पुन्हा मुद्दाम वाकडे केले.

कवळी सांगाड्यावर चढवली. खटका वाजला. खाटेत लेकीनं कूस बदलली, सुस्कारा टाकला आणि पुन्हा गाढ झाली. दातवालीनं जबडा मिटला. दोन्ही बाजूंना कागदाची पट्टी धरून ओढली. उजवीकडे अडली, डावीकडेही तेवढीच अडली. तिनं तीनदा मिटून बघितला. शेवटच्या दोनदा नुसताच, बरं वाटतं म्हणून.

मुलगी दोन वाजून वीस मिनिटांनी उठली. नर्सबाई तीनला डबी घेऊन गेल्या.

पावणेसहाला फोन वाजला तेव्हा घरात तिघंही होती. नवरा लवकर आला होता. दातवालीनं फोन उचलला आणि नुसतं ऐकत राहिली.

"मिटलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि मग उघडलं, ते अर्धा तास मिटेना. सगळं भाषण म्हणून दाखवलं. आरशात बघून म्हणाले, हे माझेच दात आहेत. वाकडे कुणी ठेवले?"

"मी."

"हं." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. "पक्की करून शनिवारी सकाळी नऊला पाठवा. आणि आणखी एक खालची आहे, तिचे साचे उद्या पाठवते. मंगळवारी सकाळी दहाला तयार ठेवा."

दातवालीनं फ्रिजकडे बघितलं. तिथे आता नुसता चौकोन होता, जरा जास्त पांढरा.

"वकिलांची देते नऊला, लग्न आहे म्हणून," ती म्हणाली. "पुढच्यापासून सकाळी नाही जमणार. माझं काम बारानंतर सुरू होतं. न्यायला अडीचनंतर पाठवत जा. दिलेल्या दिवशी मिळेल, पण अडीचनंतर."

सासूबाईंनी चमचा हातात घेतला. फोनमध्ये दवाखान्यातलं यंत्र घरघरत होतं.

"अडीच," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "बरं. पण उन्हात ठेवू नका."

नवरा लगेच पट्टी घेऊन बसला. लाल शाई, निळी शाई. "बारा ते सव्वादोन," तो पुटपुटला. "उद्याच प्लास्टिक चढवून आणतो."

"पेन्सिलनं लिही," दातवाली म्हणाली.

"पेन्सिलनं? पुसलं जाईल अगं."

"म्हणूनच."

शुक्रवारी साडेनऊला सासूबाईंनी बागेत जाण्याआधी रेडिओ मोठ्यानं लावला. संडासात कुणीतरी बिनधास्त पाणी सोडलं. नवऱ्यानं घंटीची वायर जोडून बघितली आणि ती एवढ्या जोरात वाजली की तोच दचकला. बारा वाजता ती पुन्हा काढायची, हे ठरलं होतं.

बाराला मुलगी झोपली. दातवालीनं सकाळी परत आलेली वकिलांची कवळी पुढ्यात घेतली, वरचं जास्तीचं मेण तासायला सुरी उचलली आणि पहिला पापुद्रा काढला. बारा पन्नासला खाटेची दांडी खडखडली.

ती डोळे मिटून बसून राहिली. मग सुरी उंच फळीवर ठेवली, दिवा विझवला, पडदा घट्ट आहे ना ते दोनदा बघितलं, आणि मोजा घ्यायला गेली.